सोसवेल तो कंटाळा

गणपती उठले की पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर दरपत्रकं फिरायला लागतात. चकली, कडबोळी, चिरोटे, करंज्या, अनारसे. समोर किलोचा भाव आणि खाली 'ऑर्डर आगाऊ द्यावी'. दर वर्षी त्यांत काही नवी नावं दिसतात आणि मागच्या वर्षीची काही गळालेली असतात. गळालेल्यांच्या हाताला चव नव्हती म्हणावं, तर तसं नसतं. पुष्कळदा सगळ्यांत सुगरण बाईच दोन दिवाळ्यांत हात टेकते, आणि जिच्या चकलीला घरात कुणी कधी फारसं नावाजलं नव्हतं ती वर्षानुवर्षं तग धरते.

जोडधंदा कोणता करू, असं कुणी विचारलं की आपण उलट विचारतो, 'तुला काय येतं?' नाहीतर, 'तुला काय आवडतं?' प्रश्न चुकीचे नाहीत, पण तेवढ्यानं भागत नाही. प्रत्येक धंद्यात आवडीचं काम मूठभर असतं आणि त्यामागून येणारं काम ढीगभर. ज्याला फोटो काढायला आवडतं, त्याच्या वाट्याला लग्नाच्या एका दिवसामागे फोटो निवडण्याच्या कितीतरी रात्री येतात आणि राहिलेले पैसे मागण्याचे फोन येतात. ज्याला शिकवायला आवडतं, त्याला तेच त्रैराशिक चौथ्या मुलाला पहिल्याइतक्याच आस्थेनं सांगावं लागतं. गेले काही महिने जोडधंदा करणाऱ्या बऱ्याच जणांकडे बसले, त्यांच्याबरोबर हिंडले, आणि माझी खात्री पटत गेली की निवड या ढिगाकडे बघून करावी. ज्या धंद्यातला कंटाळा आपल्या स्वभावाला सोसवतो, तो धंदा आपला.

नोकरीत स्वभावाविरुद्धचं काम माणूस रेटून नेतो. तिथे साहेब असतो, हजेरी असते, पहिल्या तारखेला पगार असतो. जोडधंद्याला साहेब नाही. संध्याकाळी सात वाजता, लोकलमधून किंवा पीएमपीतून उतरून घरी आल्यावर, कुणीही विचारणारं नसताना जे काम हातून होतं तेच पुढे टिकतं. अंगात उत्साह असतो तोवर काहीही होतं. उत्साह ओसरल्यावर स्वभाव उरतो, आणि त्याच्या विरुद्ध फार दिवस जाता येत नाही.

कोथरूडमधल्या एका काकूंकडे नवरात्र संपल्यावर दोन-तीन वेळा जाऊन बसले. त्यांची भाजणी घरच्या गिरणीवर दळलेली: तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, धणे, जिरे, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजलेला. मोहनाचं तेल हाताच्या अंदाजानं. चकली तेलात हसली, म्हणजे विरघळून सुटायला लागली, की त्या एका नजरेत ओळखतात की मोहन जास्त झालं आहे, आणि पुढचा घाणा थांबवून पिठात हात घालतात. हे त्यांचं खरं सुख. पण स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत जे चाललं होतं ते निराळंच होतं. डिजिटल काट्यावर अर्ध्या-अर्ध्या किलोची पाकिटं. तुटलेल्या चकल्या वेगळ्या काढायच्या, कारण त्या पाकिटात गेल्या तर गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येत नाही. पाकिटावर तारीख आणि अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांक. फोनवर कुणीतरी करंज्यांची ऑर्डर बदलून चिरोटे मागतंय. कुणी पैसे सुनेच्या नावानं पाठवलेत, ते कुणाचे हे शोधायचं. जवळच्या नातलगाकडून मागच्या दिवाळीचे पैसे अजून यायचेत आणि ते मागायचे कसे, हा प्रश्न.

काकूंना हे दुसऱ्या खोलीतलं काम करवत नव्हतं. पहिली काही वर्षं त्यांनी ते केलं, पण चिडून. खालच्या मजल्यावरच्या एक बाई, आधी एका दुकानात हिशेब लिहायच्या, त्यांच्या मदतीला आल्या आणि मग भागीदारच झाल्या. या बाईंना पोळीसुद्धा धड गोल येत नाही, असं त्या स्वतःच सांगतात. पण त्यांच्या वहीत प्रत्येक ऑर्डरला ओळ आहे, दिलेल्या पाकिटावर बरोबरची खूण आहे आणि थकलेल्या पैशावर तांबडी रेघ आहे. फोनवर गिऱ्हाइकानं आवाज चढवला तरी यांचा चढत नाही. 'मला राग येतच नाही हो, मला फक्त जमा-खर्च जुळला नाही की झोप येत नाही,' त्या म्हणाल्या. फराळाच्या धंद्यात उतरायला स्वयंपाक यावाच लागतो, हे आपण गृहीत धरलेलं असतं. या घरात तरी धंदा तगला तो अशा बाईमुळे, जिनं आयुष्यात अनारसा केलेला नाही.

एका धंद्यातली ही दोन निराळी कामं निराळ्या स्वभावांच्या माणसांनी वाटून घेणं, ही गोष्ट महाराष्ट्रानं फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवलेली आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले 80 रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तिथूनच लिज्जत पापडचा पसारा वाढला. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. लिज्जतची कथा आपण जिद्दीची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. मला तिच्यातली कामाची मांडणी त्याहून मोलाची वाटते. पीठ केंद्रावर मळलं जातं. सभासद 'बहीण' सकाळी ते घेऊन घरी जाते, आपल्या वेळेनं लाटते, वाळवते, पापड परत आणून देते आणि मजुरी घेते. दुकानदाराशी घासाघीस करणं, जाहिरात, वसुली, वाहतूक, यांतलं काहीच तिच्या डोक्यावर नाही. विकायची जिला भीड वाटते, चार लोकांत बोलताना जिची जीभ अडखळते, पण जी हात न थकता एकसारखा गोल पापड लाटू शकते, तिला त्या मांडणीनं आपल्या स्वभावासह कमावतं केलं. आज घरोघरी जे उद्योग सुरू होतात त्यांत एकच बाई मळते, लाटते, विकते, वसूल करते आणि इन्स्टाग्रामवर व्हिडिओही टाकते. त्यातलं एखादं काम तिच्या स्वभावाच्या आड येतं आणि सगळंच ढासळतं. मग ती म्हणते, मला धंदा जमत नाही. तिला धंद्यातलं एक काम जमत नसतं, एवढंच.

पोस्टाच्या एजंटबाई हा असाच एक दुर्लक्षित वर्ग. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेखाली या बायका घरोघरी जाऊन पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या आरडीचे, हप्ते गोळा करतात आणि त्यावर त्यांना 4 टक्के कमिशन मिळतं. हिशेब सोपा आहे: हजाराच्या हप्त्यामागे चाळीस रुपये. हजार-हजारवाली दीडशे घरं बांधली तर महिन्याला 6,000. ठाण्यातल्या अशा एका एजंटबाईंबरोबर महिनाअखेरीला मी त्यांची एक फेरी केली. पिशवीत रबर लावलेली कार्डांची चवड, इमारतीप्रमाणे लावलेली. पहिल्या घरी आजींनी पाचशेच्या दोन नोटा काढून ठेवलेल्या. दुसऱ्या घरी कुलूप. तिसऱ्या घरी, 'पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम देते.' यावर एजंटबाईंनी शांतपणे सांगितलं की हप्ता चुकला तर शंभरामागे महिन्याला रुपया दंड पडतो, चार हप्ते थकले की खातं बंद पडतं, आणि संध्याकाळी परत येते. परत आल्याही. खातं महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उघडलेलं असेल तर हप्ता पंधरा तारखेच्या आत, नंतरचं असेल तर महिनाअखेरीच्या आत भरावा लागतो. म्हणून त्यांच्या महिन्याला दोन भरत्या येतात, एक मध्यावर आणि एक शेवटी.

या कामात हुशारी कमी लागते आणि दोन गुण भरपूर लागतात. एक म्हणजे त्याच दाराशी, त्याच चेहऱ्यानं, महिन्यामागून महिना पुन्हा जाता येणं. दुसरा म्हणजे परक्याचा पैसा रात्रभर आपल्या घरात असताना त्याची चव न लागणं. बाई म्हणाल्या, 'लोकांचे पैसे वेगळ्या डब्यात. घरात दूध आणायला सुट्टे नसले तरी त्या डब्याला हात नाही.' हा गुण शिकवून येत नाही. तो आहे की नाही, हे ज्याचं त्याला तिशीपर्यंत कळलेलं असतं. ज्याला तो नाही, त्यानं वसुलीचा कुठलाही जोडधंदा घेऊ नये: भिशी नाही, सोसायटीची खजिनदारी नाही, यातलं काहीच नाही. विम्याची एजन्सी वरवर याच जातीची दिसते, पण तिथला कंटाळा वेगळा. तिथे नकार ऐकण्याचं काम आहे. दहा दारं वाजवायची, नऊ बंद होणार. ज्याला नकार जिव्हारी लागतो त्याचं तिथे काम नाही. गोड बोलणारा माणूस विम्यात चालतो, हा समज मला पटत नाही. नकार विसरणारा माणूस चालतो.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी 1959 मध्ये व्यवसायनिवडीचा एक सिद्धांत मांडला. माणसं आणि कामं दोघांचेही त्यांनी सहा ढोबळ प्रकार पाडले: हातांनी वस्तू घडवणारे, शोध घेणारे, कलावंत, माणसांत रमणारे, पुढाकार घेऊन इतरांना वळवणारे आणि नीटनेटक्या पद्धतशीर कामात सुख मानणारे. कुणीही एकाच प्रकारात बसत नाही, साधारण दोन-तीन प्रकारांचं मिश्रण असतं, आणि माणसाचं मिश्रण कामाच्या मिश्रणाशी जितकं जुळेल तितका तो त्या कामात टिकतो, असं ते मांडत. आज शाळा-कॉलेजांतल्या कलचाचण्यांत याच विचाराची छाया असते. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका अशा चाचण्या घेते. चाळिशीच्या माणसानंही अशी चाचणी जरूर द्यावी, असं मला वाटतं. मुलांना आपण रांगेत बसवतो आणि स्वतःचा कल मात्र शेजाऱ्याच्या यशावरून ठरवतो. पण चाचणी एवढंच सांगते की तुम्हाला काय रुचेल. चाळिशीनंतर, घरचं सगळं सांभाळून रात्री नऊला काय सोसवेल, हे तिला विचारलेलं नसतं. त्याचं उत्तर मागच्या दहा वर्षांच्या सवयींत शोधावं लागतं. लग्नकार्यात तुम्ही आपसूक कुठे जाता? कोठीच्या खोलीत, पाहुण्यांच्या घोळक्यात, की आहेराची वही लिहायला? बहुतेकांना उत्तर ताबडतोब सुचतं.

गावाकडे हा प्रश्न आणखी कडक होतो, कारण तिथे जोडधंद्याच्या पलीकडच्या टोकाला जीव असतो. जनावराला किंवा किड्याला तुमची सुट्टी समजत नाही.

दूध घ्या. कोल्हापूर भागात पहाटे सोसायटीच्या दारात कॅन घेऊन रांग लागते. फॅट आणि एसएनएफ, म्हणजे दुधातले बाकीचे घनपदार्थ, बघून दर लागतो, दर दहा दिवसांनी बिल येतं. घरात नियमित पैसा येण्याचा याहून भरवशाचा मार्ग पश्चिम महाराष्ट्राला दुसरा सापडलेला नाही. पण धार सकाळी काढायची आणि संध्याकाळी काढायची, वर्षाचे 365 दिवस, पाडव्याला आणि सुतकातसुद्धा. ज्याच्या स्वभावात एकच काम त्याच वेळी करण्याची शांती आहे, त्याला गोठा मानवतो. ज्याला चार दिवस झपाटून काम करून मग आठवडाभर कुणाचं तोंड बघायचं नसतं, तो गोठ्यात गुदमरतो, मग म्हशी कितीही दुधाळ असोत.

अशा दुसऱ्या स्वभावाच्या माणसासाठी रेशीम आहे. जालना-बीडकडे तुतीची लागवड वाढली, जालन्यात कोषाची बाजारपेठ सुरू झाली, आणि कोष घेऊन थेट कर्नाटकात रामनगरला जाण्याची पूर्वीची यातायात बऱ्याच जणांची कमी झाली. अंडीपुंजातून अळी बाहेर पडल्यापासून कोष बांधेपर्यंत साधारण 25 ते 28 दिवस. बरेच शेतकरी चॉकी केंद्रातून लहानपणच्या अवस्था पार केलेल्या अळ्या आणतात, त्यामुळे त्यांच्या शेडमधले दिवस आणखी कमी होतात. यातले शेवटचे सात-आठ दिवस सगळ्यात कठीण. पाचव्या अवस्थेतली अळी तिच्या जन्मातल्या एकूण पाल्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त पाला याच दिवसांत खाते. रात्री शेडमध्ये उभं राहिलं की हजारो अळ्या पाला कुरतडतायत त्याचा आवाज पत्र्यावरच्या भुरभुर पावसासारखा ऐकू येतो. या आठवड्यात दिवसातून तीन-चार वेळा पाला, पाला ओला नको, शेडमध्ये पाय निर्जंतुक केल्याशिवाय शिरायचं नाही, उझी माशीसाठी जाळ्या तपासायच्या, ग्रासरी रोगाची एकही अळी दिसली तर उचलून लांब नेऊन पुरायची. शेजारचं लग्न सोडायचं, दवाखान्याचं काम पुढे ढकलायचं. कोष उतरले की मात्र शेड रिकामं, माणूस मोकळा, पुढच्या बॅचपर्यंत.

बीड जिल्ह्यातल्या एका तरुणानं मला सांगितलं की त्याच्या वडिलांना रेशीम कधीच जमलं नाही आणि त्याला दूध कधीच जमलं नाही. वडील अतिशय कष्टाळू, पण सोवळ्याच्या बेतानं साफसफाई करणं त्यांना फालतू वाटायचं. हात न धुता शेडमध्ये जायचे. दोन बॅचेस रोगानं गेल्या. मुलगा तसा आळशीच ठरलेला, पण महिन्यातले वीस दिवस तो एखाद्या शस्त्रक्रियेच्या खोलीत असावं इतका काटेकोर होतो. आता वडील दोन म्हशी बघतात, मुलगा शेड बघतो, आणि घरातली भांडणं मिटली. त्यांच्या जमिनीत किंवा पाण्यात काहीच बदललेलं नाही.

मधमाशा तर माणसाची परीक्षाच घेतात. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथल्या घराघरांत हा उद्योग जुना आहे. त्या भागातल्या एका मधपाळानं त्याची सातेरी मधमाशांची पेटी उघडून दाखवली. झाकण उचलायला त्यानं जितका वेळ घेतला तितक्यात मी तीनदा घड्याळाकडे बघितलं असतं. धूर अगदी थोडा. चौकट सरळ वर, तिरकी न करता. बोटांवर माशा बसल्या तरी हात झटकायचा नाही. झटकला की डंख बसलाच, आणि एका डंखाच्या वासानं इतर माशा बिथरतात. जांभूळ, हिरडा, कारवी फुलते तेव्हाचे दिवस आनंदाचे, मध काढण्याचे, फोटो काढण्याचे. पण सह्याद्रीतला पाऊस सुरू झाला की फुलोरा नाही, माशांना बाहेर पडता येत नाही, आणि तेव्हा साखरेचा पाक करून पेटीत ठेवावा लागतो, मेणकिडा लागलाय का ते बघावं लागतं. या महिन्यांत उत्पन्न शून्य आणि काम चालूच. दुर्लक्ष झालं तर सातेरी वसाहत सरळ पेटी सोडून निघून जाते. 'नवीन माणसं हिवाळ्यात येतात, शिकून जातात, पेट्या घेतात,' मधपाळ म्हणाला, 'आणि आखाडात त्यांच्या पेट्या रिकाम्या होतात.' मधमाशीपालन हा छंद म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो मुख्यतः पावसाळ्याचा धंदा आहे. ज्याला पावसाळ्यातली ती राखण सोसवते त्यालाच हिवाळ्यातला मध मिळतो.

स्वभावाचा विचार करताना आणखी एक गोष्ट सुटते. नोकरीत दिवसभर तुमचं काय थकतं? शिक्षक दिवसभर बोलतो, मुलांना आवरतो. संध्याकाळी क्लास घेतला तर तेच थकलेलं पुन्हा राबवतो. कायद्यानंही त्याला ते बंद केलेलं आहे: शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 28 नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. हे कलम मुलांच्या हितासाठी आहे, पण शिक्षकाच्याही हिताचं आहे, असं मला अनेक शिक्षकांशी बोलल्यावर वाटलं. त्यांतले जे समाधानी दिसले ते सुट्टीच्या दिवशी माणसांपासून लांब असणारं काहीतरी करत होते: एकजण रोपवाटिकेत कलमं बांधत होते, आणखी एकजण घड्याळं दुरुस्त करत होते. उलट, दिवसभर संगणकासमोर एकटे बसणाऱ्यांतले काही शनिवार-रविवारी लग्नांत निवेदन करतात, ट्रेकला मुलांना घेऊन जातात, आणि सोमवारी ताजे असतात.

वसंतराव देशपांडे बरीच वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला होते. दिवसा आकडे, बाकीचा वेळ गाणं. 'कट्यार काळजात घुसली' 1967 मध्ये रंगमंचावर आलं आणि त्यातल्या त्यांच्या खाँसाहेबांनी महाराष्ट्र भारून टाकला. कारकुनीनं या माणसाचा वेळ खाल्ला, ही हळहळ खरी आहे. पण त्या नोकरीनं त्यांचा गळा वापरला नाही. तोच कलावंत दिवसभर वर्गात ओरडून शिकवणाऱ्या नोकरीत असता तर संध्याकाळी काय उरलं असतं, असा विचार मनात येतो. व. पु. काळे मुंबई महापालिकेत वास्तुविशारद होते. त्यांची नोकरी नकाशांची, त्यांचा दुसरा संसार शब्दांचा आणि कथाकथनाचा. थोरांची नावं घेतली म्हणून हे फक्त थोरांना लागू होतं असं नाही. नोकरीनं शिल्लक ठेवलेला भाग कोणता, हे प्रत्येकानं तपासण्यासारखं आहे.

तुमच्या हातातला हा अंकही अशा शिल्लक भागांवरच उभा आहे. का. र. मित्रांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून चालत आलेल्या या परंपरेत लेखक, चित्रकार, मुद्रितशोधक, जाहिराती गोळा करणारे यांतले बहुतेकजण दिवसा दुसरीकडे नोकरी करणारे. मला माहीत असलेले एक मुद्रितशोधक सरकारी कचेरीत टपाल आवक-जावक बघत. पावसाळा सुरू झाला की संध्याकाळी त्यांच्या टेबलावर गठ्ठे येत. पट्टी ओळीखाली धरून ते वाचत, ओळ संपली की पट्टी खाली सरकवत. मजकुरात रमायचं नाही, हा त्यांचा नियम. रमलं की चूक सुटते. गोष्ट उत्कंठेला आली की ते मुद्दाम एखादा परिच्छेद उलट्या क्रमानं वाचत. कुणाशी बोलणं नाही, कौतुक नाही, अंकात नावही बहुधा नाही. एखादा ऱ्हस्व-दीर्घ सुटला तर मात्र दिवसभर बेचैन. इतक्या एकाकी कामात कुणाला आनंद मिळत असेल, हे माणसांत रमणाऱ्याला खरं वाटणार नाही. त्यांना तो मिळत असे.

सरकारी नोकरांचा प्रश्न निघालाच आहे तर नियमांचं सांगायला हवं, कारण यात पुष्कळ जण अडचणीत येतात. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 मधला नियम 15 सांगतो की सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार किंवा दुसरी नोकरी करता येत नाही. पत्नीच्या किंवा घरातल्या कुणाच्या विमा एजन्सीसाठी गिऱ्हाइकं जमवणं हाही भंगच. मात्र अधूनमधून केलेलं साहित्यिक, कलात्मक किंवा वैज्ञानिक स्वरूपाचं काम आणि मानद सामाजिक काम, सरकारी कामात अडथळा येत नसेल तर, या नियमात मोकळं ठेवलेलं आहे. राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 आहेत. ते मुळातून वाचून, गरज तिथे लेखी परवानगी घेऊनच पाऊल टाकावं. खासगी क्षेत्रातही हा विषय 2022 मध्ये तापला. विप्रोचे रिशद प्रेमजी यांनी आयटीतल्या दुहेरी नोकरीला सरळ फसवणूक म्हटलं आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करताना सापडलेल्या 300 जणांना काढल्याचं सांगितलं. इन्फोसिसनं पुढे पूर्वपरवानगीनं बाहेरचं काम करायला वाट ठेवली. हिंजवडीतल्या आयटीवाल्यांना हे माहीत आहे, तरी नियुक्तीपत्रातलं ते कलम फार थोड्यांनी वाचलेलं असतं. शिवाय लपवून करावा लागणारा धंदा हा स्वतःच एक कंटाळा आहे, आणि तो जवळजवळ कुणालाच सोसवत नाही. रात्रीची झोप त्यात पहिली जाते.

निवड करायला सवड असावी लागते, याची मला जाणीव आहे. पुढच्या महिन्यात मुलाची फी भरायची असलेला माणूस रात्री मोटारसायकल काढून जेवणाचे डबे पोहोचवतो, तेव्हा त्याला स्वभावाच्या गप्पा सांगणं क्रूरपणाचं आहे. पण अशांपैकीही काहींना मी बोलतं केलं. पिंपरीतल्या कारखान्यात दिवसपाळी करणारा एकजण म्हणाला, दुकानात बसायचं काम मिळत होतं, पैसे तेवढेच. त्यानं गाडी निवडली, कारण दिवसभर यंत्राच्या आवाजात चार लोकांबरोबर उभं राहिल्यावर त्याला रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर एकट्यानं जायला बरं वाटतं. गरजेनं त्याला पर्याय फार दिले नाहीत, पण दोनच असले तरी त्यातला आपला कोणता हे त्यानं ओळखलं. त्याच्या पगारात रुपया वाढला नाही. तो जास्त दिवस टिकेल, एवढं नक्की.

मग धंदा हाती घेण्याआधी ओळखायचं कसं? माणसं यशस्वी जोडधंदेवाल्याकडे जातात ती त्याच्या सुगीच्या दिवसांत. शेळीपालकाकडे बकरी ईदच्या आधी, मधपाळाकडे मध निघताना, फराळवालीकडे पाडव्याला. त्या दिवशी सगळं फुललेलं असतं. जावं ते पडत्या दिवसांत. मधपाळाकडे श्रावणात, रेशीमवाल्याकडे शेवटच्या आठवड्यात, पोस्टाच्या बाईंबरोबर महिनाअखेरीला, क्लासवाल्याकडे निकालानंतर पालक भांडायला येतात त्या दिवशी. नुसतं बघायला नाही, मदतीला. शिकवण्याची फी मागितली तर द्यावी. बुडालेल्या भांडवलाच्या मानानं ती काहीच नसते.

सोलापूर रस्त्यावरच्या एका गावात मला बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ भेटले. त्यांच्याकडे बंदिस्त शेळीपालनाचा कागदावरचा आराखडा तयार होता. उस्मानाबादी शेळ्या, पाच महिन्यांचा गाभणकाळ, बहुतेकदा जुळी करडं; वीस शेळ्यांच्या किती होतील याचं गणित दोन वर्षांपर्यंत मांडलेलं, बँकेच्या माणसाला शोभेल असं स्वच्छ. शेडसाठी पत्रे बघायला जाण्याआधी ते जून-जुलैत शेजारच्या गावातल्या एका शेळीपालकाकडे राहायला गेले. ओली जमीन, खुरांना सूज, आंत्रविषाराची लस द्यायला वेळेत न आलेला माणूस, रात्री दोनला अडलेली शेळी. एक करडू त्यांच्या मांडीवर गेलं. शेळीपालकानं ते बाजूला ठेवलं आणि दुसऱ्याला चीक पाजायला घेतलं. या गृहस्थांना तीन रात्री झोप आली नाही. परत आल्यावर त्यांनी आराखडा त्या शेळीपालकालाच देऊन टाकला, कारण त्याच्याकडे कागदपत्रं नव्हती आणि कर्ज अडलेलं होतं. ते कर्ज मंजूर करून आणण्याची सगळी धावपळ यांनी केली: सातबारा, कोटेशन, विम्याचे कागद, बँकेतले हेलपाटे. ते करताना त्यांना मुळीच कंटाळा आला नाही. आता आजूबाजूच्या गावांतले शेतकरी आणि बचतगट प्रकल्पाचे कागद करून घ्यायला त्यांच्याकडे येतात. ते माफक फी घेतात, अर्जाची प्रत स्वतःच्या फायलीत लावतात आणि बँकेत सोबत जातात.